सौजन्य सप्ताहाच्या आधी स्टाफरूम

नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका अनुदानित मराठी शाळेतल्या सातवीच्या वर्गशिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"यंदा जूनअखेर शाळा उघडली तेव्हा गडचिरोलीकडून एक मुलगा आमच्या वर्गात आला. वडिलांना एमआयडीसीत काम मिळालं म्हणून घरच इकडे आलं. तो 'पानी', 'कोन', 'लोनी' असं बोलतो म्हणून तीन-चार मुलं त्याला 'जंगली' म्हणायची. एके दिवशी गणिताच्या सरांनी त्याला फळ्यावर बोलावलं. उदाहरण चुकलं, तर सर म्हणाले, 'जंगलातून आला का बे?' वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून सगळेच त्याला त्या नावाने हाक मारू लागले. याच सरांनी आमच्या नव्या शिक्षणसेवक मॅडमना वह्या तपासल्या नाहीत म्हणून माझ्या वर्गासमोर झापलं. आता मुलं तिची नक्कल करतात, तिच्या तासाला गोंधळ घालतात. एका पालकाची तक्रार आली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला पोळा झाला की 'सौजन्य सप्ताह' घ्यायला सांगितलं. पोस्टर स्पर्धा, शपथ आणि शेवटी 'सर्वात प्रेमळ विद्यार्थी' असं बक्षीस. इकडे आमच्या स्टाफरूममध्ये दोन गट आहेत. एका गटातले दुसऱ्या गटाशी बोलत नाहीत. सरांना काही म्हणायची माझी हिंमत नाही. मग मुलांना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

ताई,

तीन-चार पोट्टे चिडवत होते तोवर ती त्या तीन-चार पोट्ट्यांची खोड होती. सरांनी फळ्यासमोर ते वाक्य उच्चारलं आणि अख्ख्या वर्गाला मुभा मिळाली. शिक्षणसेवक मॅडमचंही तसंच झालं. वर्गासमोर तिला झापलं त्या दिवशी मुलांना कळलं, की हिला बोललेलं चालतं. मुलं आपलं ऐकत नाहीत अशी तक्रार आपण शिक्षक रोज करतो. पण मोठी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, ते ती फार लक्ष देऊन ऐकतात. शिपाईकाकांना कोण 'अहो' म्हणतं, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना कोण 'ए' करून हाक मारतं, कोणत्या मॅडम आल्या की कोणते सर उठून जातात, याची खबर सातवीच्या मुलांना मुख्याध्यापिकांपेक्षा जास्त असते.

म्हणून सप्ताहाचं नंतर पाहू. आधी सर.

हिंमत होत नाही म्हणता, ते मला समजतं. ज्येष्ठ माणूस, त्यात गणिताचा, शाळेचा निकाल त्यांच्या भरवशावर असणार. त्यांना स्टाफरूममध्ये चारचौघांत सुनावू नका. ज्या गोष्टीची आपण तक्रार करतोय तीच आपल्या हातून घडेल, आणि दोन्ही गट लगेच आपापल्या बाजूला उभे राहतील. ऑफ तासाला किंवा शाळा सुटल्यावर गाड्या काढता काढता, ते एकटे असताना बोला. सुरुवात आरोपाने करू नका, मुलाच्या हालाने करा. "सर, त्या गडचिरोलीच्या पोराबद्दल तुमची मदत पाहिजे होती. त्या दिवशी फळ्यापाशी तुम्ही बोललात, तेव्हापासून पूर्ण वर्ग त्याला जंगली म्हणतो. माझं ऐकत नाहीत. तुम्ही एकदा त्याला बोलावून, त्याच्या नावाने हाक मारून उदाहरण नीट सोडवून घेतलं, तर वर्ग थांबेल." एवढंच बोला आणि त्यांना विचार करायला वेळ द्या. यात खुशामत काही नाही. वर्गाला मुभा त्यांनी दिली, ती परत घेणंही त्यांच्याच हातात आहे. तुम्ही कितीही रागावलात तरी ते काम तुमच्याकडून होणार नाही.

आपल्या तोंडून गेलेलं वाक्य पुष्कळ शिक्षकांना संध्याकाळपर्यंत आठवतही नाही. मुलगा मात्र ते घरी घेऊन जातो. हे शांतपणे दाखवून दिलं की बहुतेक जण वरमतात. यावर माझा विश्वास आहे, कारण वाईट वागायचं म्हणून कोणी शिक्षक होत नाही.

समजा नाहीच वरमले. "आम्ही छड्या खाऊन शिकलो, काय बिघडलं?" म्हणाले. तर मग तुम्हाला कायदा माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करतं, आणि ते मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीचा हा कायदा आहे, तुमची सातवी त्यात येते. त्या चिडवण्यात मुलाची जात किंवा जमात ओढली गेली असेल, तर ते प्रकरण वर्गातल्या थट्टेच्या फार पुढे गेलेलं असतं. अशा वेळी मुख्याध्यापिकांना लेखी द्या, तारीख घाला, आवकमध्ये नोंद करून घ्या. तुम्हाला हे कठोर वाटेल. पण स्टाफरूममध्ये गोडीगुलाबी राहावी म्हणून एका लेकराने रोज अपमान गिळायचा, हे मला मान्य नाही. तुम्हालाही नसावं.

आता त्या शिक्षणसेवक मुलीकडे वळते, कारण तुमच्या पत्रात तिला चारच ओळी मिळाल्यात. तीन वर्षं मानधनावर काढायची. २०२३ मध्ये वाढलं तेव्हा कुठे प्राथमिक आणि उच्च प्राथमिकचं मानधन महिन्याला १६ हजार झालं, त्याआधी ते सहा हजार होतं. तेवढ्यात नागपुरात खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, गावाकडे पाठवायचे पैसे. वह्या का तपासून झाल्या नाहीत, हे तिला कोणी विचारलं का? नव्या माणसाच्या गळ्यात ऑनलाइन माहिती भरणं, रजेवर गेलेल्यांचे बदली तास, गॅदरिंगचे नाच असं सगळं पडतं, आणि ती नाही म्हणू शकत नाही. एखाद्या ऑफ तासाला तिच्या शेजारी बसा आणि एका वर्गाच्या वह्या दोघी मिळून तपासून टाका. तिच्या बाजूने मुलांना रागवायला मात्र तिच्या तासाला जाऊ नका. मॅडमना सांभाळायला दुसऱ्या मॅडम लागतात, असा अर्थ मुलं काढतील. त्यापेक्षा तुमच्या तासाला, मुलांच्या देखत, तिचा सल्ला घ्या. तिला खरोखर येतं अशा गोष्टीत घ्या. "मॅडम, विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या वर्गाचं मॉडेल तुम्ही पाहून द्याल का?" तुम्ही तिला मान देताना मुलांनी पाहिलं की नक्कल आपोआप ओसरू लागते. चिकाटीने दोन-तीन वेळा करावं लागेल.

आणि ते दोन गट? ते तुम्ही मोडू शकणार नाही, मोडायला जाऊही नका. मधल्या सुट्टीत डबा घेऊन कधी या टोकाला बसा, कधी त्या. एखाद्या दिवशी सांबारवडी जास्तीची न्या. लोक दोन दिवस कुजबुजतील, मग सवय होईल.

डब्यावरून सांगते. शाळेत बसायला घरून तरट न्यावं लागायचं, तहान लागली तरी नळाला हात लावायची मनाई होती, अशा दिवसांत साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकर छोट्या भीमरावाला देत. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे मोठ्या मायेने सांगितली आहे. आपल्या गावात दीक्षाभूमी आहे, आपण मुलांना जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांचं बालपण दरवर्षी ऐकवतो, पण त्या गुरुजींपाशी फारसे थांबत नाही. शाळेचे नियम बदलण्याची ताकद बहुधा त्यांच्यात नव्हती. तरी त्या पोराला रोज काय मिळावं, यातलं थोडं त्यांच्या हातात होतं आणि तेवढं त्यांनी केलं. तुमची अवस्था त्यांच्याहून खूप बरी आहे ताई, कारण आज कायदा तुमच्या बाजूला आहे.

आता मुलाबद्दल. सगळ्यात आधी तुमच्या मनात पक्कं असू द्या, की तो चुकीचं बोलत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीबोली बोलतात आणि तिच्यात 'ण'च्या जागी 'न' येतो. लिहिताना 'पाणी' लिहायचं हे त्याला शिकवा, ते तुमचं कामच आहे, पण बोलण्यावरून त्याला दुरुस्त करत बसू नका. त्याच भागात झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर गावोगाव रात्र-रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं केंद्र, आणि २०२३ साली तिथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. वर्गाला हे सांगा. हेही सांगा, की आपण नागपूरकर 'काय करून राहिला?' म्हणतो, आणि आपलीच मुलं इंजिनिअरिंगला पुण्याला गेली की हॉस्टेलवर त्यावरून हसणं सोसतात. सातवीतल्या कितीतरी मुलांचे दादा-ताई तिकडे आहेत. ती लगेच ओळखतील.

पण त्याला उभं करून "आता हा आपल्याला झाडीबोलीतलं गाणं म्हणून दाखवेल" असं कृपा करून करू नका. चांगल्या मनाने केलेल्या अशा गोष्टीने मूल आणखी वेगळं पडतं. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, तेही सगळ्यांना दिसेल असं ऑफिसात बोलावून नको. फळा पुसता पुसता, वह्या उचलून द्यायला लावून बोला. "तुला इथे काय आवडत नाही? मी काय केलं तर बरं वाटेल?" बहुतेक तो म्हणेल, "काही नाही मॅडम." अशी मुलं तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की त्रास वाढतो हे त्यांना ठाऊक असतं. सोडून देऊ नका, आठवड्याभराने परत विचारा. त्याला मित्र लागेल. त्याच्या शेजारी पहिल्या नंबरचा मुलगा बसवायची गरज नाही, ज्याला गप्पा मारायला आवडतात असा बसवा, आणि दोघांना मिळून एखादं काम द्या. वर्गाच्या पुस्तकांची नोंदवही सांभाळणं, रोजची हजेरी फळ्यावर मांडणं, काहीही. एकत्र काम करताना मुलं बोलतात. घरी त्याच्या आईवडिलांना फोन करा, आणि पहिला फोन मुलाबद्दल चांगलं सांगायला करा. शाळेतून फोन म्हणजे पोराने काहीतरी केलं, अशी त्या माणसांची समजूत असणार. मूल खाणंपिणं सोडत असेल, शाळेचं नाव काढलं की रडत असेल, तर मात्र समुपदेशकाला दाखवायला उशीर करू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक चोवीस तास आणि विनाशुल्क चालतो. तो तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असू द्या.

चिडवणाऱ्या तीन-चार जणांना वर्गात उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. मला तो अजिबात पटत नाही. चिडवणारा ओशाळतो आणि मधल्या सुट्टीत त्याचा वचपा काढतो. ज्याला चिडवलं त्याला मात्र सगळ्यांसमोर माफ करावंच लागतं, त्याची इच्छा असो-नसो. त्यांच्याशी एकेकट्याने बोला. आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळ हसणाऱ्यांना द्या. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी शाळांसाठी दादागिरीविरोधी कार्यक्रम तयार केला, त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे, म्हणजे जी मुलं स्वतः चिडवत नाहीत पण हसतात किंवा गप्प बसतात त्यांच्यावर. कारण हसणं थांबलं की चिडवणाऱ्याला चव राहत नाही. तुमच्या वर्गात अशी तीन-चार मुलं-मुली असतीलच ज्यांच्याकडे पाहून बाकीचे ठरवतात. कबड्डीचा कप्तान, गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी. त्यांना वेगळं बोलावून सांगा, "तुम्ही हसला नाहीत तर हे थांबेल. त्याला डबा खायला तुमच्यात घ्या." या वयाच्या मुलांवर विश्वास टाकला की ती फार मनापासून पेलतात.

सप्ताहाला मुख्याध्यापिकांना नाही म्हणू नका. त्यांनाही पालकांना काहीतरी दाखवायचं आहे, त्यांची अडचण खरी आहे. फक्त ते 'सर्वात प्रेमळ विद्यार्थी' बक्षीस काढून टाकायला लावा. बक्षिसासाठी मुलं मॅडम पाहत असताना प्रेमळ होतील. आणि जी मुलगी गुपचूप रोज कोणाला तरी पेन्सिल देते, ती कोणाच्या यादीत येणार नाही. शपथ घ्यायची तर घ्या, परिपाठात दोन मिनिटं जातील, त्याने बिघडत नाही.

पोळ्यानंतरचा मुहूर्त मात्र मला आवडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत हे मोठाले पुतळे निघतात, बडगे नावाचे पुतळेही निघतात, आणि अख्खं नागपूर इडापिडा, रोगराई, महागाई सगळं 'घेऊन जा गे मारबत' म्हणून शहराबाहेर घालवतं. सव्वाशेहून अधिक वर्षं हे चालू आहे आणि तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते पाठ आहे. सुट्टीनंतर शाळा भरली की वर्गाचा एक कागदी बडगा करा. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, आपल्या वर्गातून काय गेलेलं बरं. नाव कोणाचंच लिहायचं नाही, स्वतःचंही नाही, दुसऱ्याचंही नाही, फक्त गोष्ट लिहायची. 'टोपणनावं घेऊन जा गे मारबत.' 'दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडणं घेऊन जा गे मारबत.' चिठ्ठ्या आधी तुम्ही एकटीने वाचा आणि एखाद्या मुलावर रोख असलेल्या बाजूला काढा. त्या वाचून तुम्हाला वर्गातलं पुष्कळ कळेल, जे कोणी तोंडाने सांगणार नाही. मग बाकीच्या मोठ्याने वाचा, बडग्याला चिकटवा आणि पूर्ण वर्गाने मिळून त्याला शाळेच्या फाटकाबाहेर नेऊ द्या. आणि ताई, शिक्षकांनीही चिठ्ठ्या टाकाव्यात असा आग्रह धरा. 'वर्गासमोर ओरडणं घेऊन जा गे मारबत' अशी एक चिठ्ठी एखाद्या शिक्षकाच्या अक्षरात आली, तर त्या सप्ताहात मुलं जे शिकतील ते दहा पोस्टरांनी होणार नाही. मुख्याध्यापिकांचीही एक चिठ्ठी मागा.

सप्ताह संपल्यावरच्या सोमवारी काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. त्यासाठी मला रोजच्या तासातल्या तीन लहान गोष्टी सुचतात. प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा दिसलं की प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त, मागे पडलेल्यांसाठी त्याहून कमी. ते थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं की एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली आणि उत्तरं लांबली. गडचिरोलीच्या तुमच्या मुलाला मनातल्या वाक्यातला 'न' बदलून 'ण' करायला तेवढा वेळ लागतोच.

दुसरं, वहीतला शेरा. 'अक्षर सुधारा', 'अपूर्ण', 'पालकांना घेऊन येणे'. हे वाचून कोणाचं काय सुधारलं? २०१४ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, योगायोगाने तोही सातवीच्याच मुलांवर. निबंधावर शिक्षकांनी शेरे दिले आणि काही मुलांच्या निबंधाला एक ओळ जोडली, की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे लिहिले. ती ओळ मिळालेल्यांपैकी जास्त मुलांनी निबंध परत लिहून दिला. सगळ्यात जास्त फरक पडला तो कृष्णवर्णीय मुलांना, म्हणजे शाळा आपल्याला कमी लेखते असं ज्यांना वाटत होतं त्यांना. चुका दाखवायच्याच, लाल शाईनेच दाखवा हवं तर. पण मूल ते करू शकतं असं तुम्हाला वाटतं, हे त्याला कळलं पाहिजे.

आणि तिसरं, आपल्या वर्णनात्मक नोंदी. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रत्येक मुलाबद्दल लिहायच्या असतात, आणि बाजारात तयार वाक्यांची पुस्तकं मिळतात, त्यातून आपण उतरवतो. वेळ नसतो, मला ठाऊक आहे. पण आठवड्याला पाचच मुलं निवडा आणि त्यांच्याबद्दल तुम्ही स्वतः पाहिलेली एक-एक खरी गोष्ट त्या वहीत लिहा. 'मैत्रिणीचा पाय मुरगळला तेव्हा दप्तर उचलून नेलं.' दिवाळीपर्यंत पूर्ण वर्ग होतो. असं लिहायचं म्हटलं की मुलांकडे पाहावं लागतं, आणि आपण पाहतोय हे मुलांना कळतं.

तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हातल्या सकाळच्या शाळा, निवडणुकीचं काम, घरचं सगळं आटोपून आठ तास. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो. असा दिवस असेल तेव्हा वर्गाला सरळ सांगा, "आज माझं डोकं दुखतंय, मला दहा मिनिटं शांतता द्या." मुलं देतात. कोणी तरी पाण्याची बाटलीही आणून ठेवतं. शिक्षकांवर माया करायची संधी मुलांना मिळाली पाहिजे, आणि आपण दगडासारखे उभे राहिलो तर ती मिळत नाही. एखाद्या मुलावर उगीच ओरडलात, तर ज्या वर्गासमोर ओरडलात त्याच वर्गासमोर "माझं चुकलं" म्हणा. तुमचा धाक कमी होणार नाही.

सरांशी बोलायला पोळ्याची वाट पाहू नका, या आठवड्यातच बोला. आणि बक्षीस रद्द केलं की मुख्याध्यापिका विचारतील, त्या पैशाचं काय करायचं. वर्गासाठी एक कॅरम बोर्ड मागा. शनिवारच्या शेवटच्या तासाला चौघं-चौघं खेळतील, आणि जोड्या तुम्ही पाडा.